चॉकलेटच्या इतिहासातले मुरकूट

बारीक उडणाऱ्या जिवांना नावे देताना मराठी माणसाने फार डोके शिणवलेले दिसत नाही. कोणी चिलटे म्हणतो, कोणी मुरकुटे, कोणी केंबरे. नाव काहीही असो, त्यांच्या बाबतीत आपण करतो ते एकच : हाताने वारतो. पिकल्या फणसाभोवती घिरट्या घालतात ती चिलटे वेगळी, आणि तिन्हीसांजेला ओढ्याकाठी उघड्या पोटऱ्यांना डसतात ती मुरकुटे वेगळी. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून फरक करण्याच्या भानगडीत आपण पडत नाही.

आज या दुसऱ्या, चावऱ्या खानदानाविषयी लिहायचे आहे. मी काही कीटकशास्त्राचा माणूस नाही, आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवले. पण कोकोच्या झाडाचा इतिहास वाचता वाचता हे मुरकूट मध्ये आले आणि जाईना. ज्या पदार्थाच्या गोष्टीत राजे, दर्यावर्दी, पाद्री, कारखानदार आणि गुलाम अशी सगळी मंडळी आहेत, त्या गोष्टीतला हा सर्वांत लहान कामकरी. त्याच्या कामाची नीट नोंद व्हायला १९४१ साल उजाडावे लागले.

आधी खानदानाची ओळख करून घेऊ. शास्त्रज्ञ या कुळाला सेराटोपोगोनिडी म्हणतात. त्यात सहा हजारांहून अधिक जाती आहेत. अंगाने एक ते तीन मिलिमीटर, म्हणजे मच्छरदाणीच्या भोकातून आरामात आत येणाऱ्या. माणसांना आणि जनावरांना चावणाऱ्या जाती त्यांत थोड्याच, पण त्यांनी सगळ्या घराण्याचे नाव खराब केले आहे. चावते ती मादीच. अंडी घालायची तर तिला रक्तातले प्रथिन लागते. क्युलिकॉइडिस नावाची यांची एक शाखा मेंढ्यांमध्ये ब्लूटंग, म्हणजे निळ्या जिभेचा रोग पसरवते. आपल्या देशात हा रोग प्रथम नोंदवला गेला तो १९६४ साली, आणि तोही महाराष्ट्रातच. पावसाळ्यात मेंढ्यांचे तोंड सुजले, त्या लंगडू लागल्या, की धनगरांच्या वाड्यावर काय कळा पसरते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मुरकुटांबद्दल चांगले सांगणे अवघड आहे.

पण याच कुळात फोर्सिपोमिया नावाची दुसरी शाखा आहे. तिच्यातली बहुतेक मंडळी माणसाच्या वाटेला जात नाहीत. काही दुसऱ्या किड्यांच्या अंगातला रस शोषतात, आणि फुलांवर तर नर-मादी दोघेही जातात. या शाखेतल्या एका मुरकुटाच्या नावावर एक विक्रम आहे. ते सेकंदाला हजाराहून अधिक वेळा पंख हलवते. मोजली गेलेली ही कीटकांतली सर्वांत जलद फडफड. हेच फोर्सिपोमिया कोकोच्या फुलावर जाते आणि आपल्याला चॉकलेट मिळते.

आता फूल पाहू. कोकोचे झाड लहानखुरे, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारे. बागेत छाटून ठेवले तर उंच झुडूपच म्हणायचे. फुले येतात ती फांद्यांच्या शेंड्यांना नव्हे, थेट खोडाला आणि जाड फांद्यांना, आपल्या फणसासारखी. फूल जेमतेम एक-दीड सेंटिमीटरचे, पांढुरके-गुलाबी. पाच पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीचा बुडाचा भाग टोपीसारखा वाकलेला. पुंकेसर त्या टोपीत तोंड लपवून बसलेला. मधोमध स्त्रीकेसर, आणि त्याच्याभोवती पाच तांबड्या वांझ केसरांचे कुंपण. पराग चिकट, त्यामुळे वाऱ्याने उडत नाही. मधमाशी धिप्पाड पडते, तिला त्या टोपीत शिरता येत नाही, आणि तिने यावे असा मध किंवा सुगंधही तिथे फारसा नाही.

म्हणजे निसर्गाने कुलूप असे केले, की किल्ली दोन-तीन मिलिमीटरचीच हवी. मुरकूट तांबड्या केसरांवर उतरते, टोपीत घुसते, पाठीवरच्या केसांना पराग चिकटवून बाहेर येते आणि दुसऱ्या फुलाच्या कुंपणातून जाताना पाठ स्त्रीकेसराला घासते. तेवढे झाले की काम झाले. यालाही मुदत असते. फूल पहाटे उमलते आणि परागीभवन झाले नाही तर दीड दिवसाच्या आत गळून पडते. एक झाड वर्षाला हजारो फुले देते, आणि त्यांतली शंभरात एक ते पाचच फळाला जातात. शिवाय एका फळात तीस-चाळीस बिया भरायच्या तर निदान तितके परागकण पोचायला हवेत. त्यात आणखी अडचण अशी, की कोकोच्या पुष्कळ झाडांना स्वतःचा पराग चालतच नाही, शेजारच्या झाडाचा लागतो. एवढे सगळे एका किड्याच्या पाठीवर.

आता मूळ इतिहासाकडे. कोकोचे माहेर ॲमेझॉन नदीच्या वरच्या खोऱ्यात. इक्वेडोर देशात सांता आना-ला फ्लोरिदा येथे झालेल्या उत्खननातल्या भांड्यांवर कोकोच्या खुणा मिळाल्या. ते संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झाले आणि कोकोचा वापर सुमारे ५३०० वर्षे मागे गेला. पुढे मध्य अमेरिकेत माया आणि अॅझटेक लोकांनी कोकोला जे स्थान दिले ते आपल्याकडे सोन्यालाच मिळते. त्याच्या बियांचे पेय सरदार-दरबारी पीत आणि बिया नाणी म्हणून चालत. मेक्सिकोतल्या त्लाक्सकाला येथल्या १५४५ सालच्या एका दरपत्रकात चांगल्या टर्की कोंबडीची किंमत १०० बिया दिली आहे, आणि टर्कीच्या अंड्याची तीन. झाडाला पैसे लागतात असे आपण थट्टेने म्हणतो. तिथे ते अक्षरशः खरे होते, आणि ती टांकसाळ मुरकुटे चालवीत होती.

कोलंबस १५०२ साली आपल्या चौथ्या सफरीत होंडुरासजवळच्या ग्वानाखा बेटाशी पोचला, तेव्हा त्याला मालाने भरलेली एक मोठी होडी आढळली. त्यात बदामासारख्या बिया होत्या. त्याच्या मुलाने लिहून ठेवले आहे, की एखादी बी खाली पडली तर होडीतले लोक जणू आपला डोळाच पडला अशा घाईने ती उचलायला वाकत. कोलंबसला तो काय प्रकार आहे ते उमगले नाही आणि तो पुढे गेला.

त्या लोकांना फोर्सिपोमिया ठाऊक होते का? तसे म्हणायला आधार नाही. पण ते झाडे कशी लावीत हे पाहिले की नवल वाटते. युकातानच्या कोरड्या प्रदेशात माया लोक जमिनीत खचलेल्या खोलगट खड्ड्यांत कोको लावीत. तिथे ओल टिकते, पाने कुजतात, हवा दमट राहते. इतरत्र ते मोठ्या झाडांच्या सावलीत लावीत. सावलीच्या एका झाडाला तर स्पॅनिश लोकांनी ‘माद्रे दे काकाओ’, म्हणजे कोकोची आई, असे नाव दिले. हे झाड तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. आपल्याकडे खतासाठी बांधावर लावतात ते गिरिपुष्प, ग्लिरिसिडिया, तेच हे. त्रिनिदादमध्ये हीच आईची भूमिका पांगाऱ्याच्या भावंडांनी केली. या आयांचे वरवरचे काम सावली धरण्याचे. पण त्यांची पाने वर्षभर खाली पडत, कुजत, आणि त्या कुजलेल्या ओल्या थरात मुरकुटांच्या अळ्या वाढत. अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण एक महिना. पाळणाघर झाडाखालीच.

युरोपात कोको गेला, त्यात साखर पडली आणि सारा नूर पालटला. १७५३ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने झाडाला नाव दिले थिओब्रोमा, म्हणजे देवांचे अन्न. लिनियसची वर्गवारी फुलातले केसर मोजून केलेली. त्याने केसर मोजले, पण पराग नेतो कोण हा प्रश्न त्या काळी नीटसा पडलेलाच नव्हता. फुले आणि कीटक यांचे नाते उलगडणारे मोठे पुस्तक आले ते १७९३ साली. लिहिणारा ख्रिस्तियान कोनराड श्प्रेंगेल, जर्मनीतल्या श्पांडाऊ गावच्या शाळेचा मुख्याध्यापक. त्याने शेकडो फुलांपुढे तासन् तास बसून कीटक काय करतात ते पाहिले. शाळेकडे दुर्लक्ष होते म्हणून वर्षभरात त्याची नोकरी गेली, आणि पुस्तकाकडेही फारसे कोणी पाहिले नाही. पुढे डार्विनने त्याला न्याय दिला. मास्तरकी केलेल्या माणसाला या गृहस्थाविषयी आपुलकी वाटणारच. शाळेच्या कार्यकारिणीची बाजू मात्र मलाही कळते!

अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट १७९९ ते १८०४ दक्षिण अमेरिकेत हिंडला. व्हेनेझुएलातल्या कोकोच्या बागांवर त्याने मन लावून लिहिले. कोकोची फुले खोडालाच नव्हे तर जमिनीवर आलेल्या मुळांनाही फुटतात हे त्याने टिपले. त्याच प्रवासात ओरिनोको नदीवर चावऱ्या किड्यांनी त्याला भंडावून सोडले. तिथले लोक सकाळी एकमेकांना भेटले की रात्री डासांनी कसे छळले याचीच विचारपूस करीत, असे तो लिहितो. एकाच माणसाच्या एकाच ग्रंथात फुलाचे कौतुकही आहे आणि बारीक चावऱ्या किड्यांचा वैतागही. या दोन प्रकरणांमध्ये एक धागा आहे हे मात्र त्याच्यासारख्या माणसालाही दिसले नाही. तिथून उत्तर मिळायला आणखी सव्वाशेहून अधिक वर्षे गेली.

मधल्या काळात कोको समुद्र ओलांडून गेला, आणि इथे इतिहासाने एक परीक्षाच घेतली असे मला वाटते. चॉकलेटमध्ये जिचा वास असतो ती व्हॅनिला कोकोच्याच मुलुखातली. फ्रेंचांनी ती हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर नेली. वेल वाढली, पण शेंग धरेना. तिचे परागीभवन करणारे कीटक मेक्सिकोतच राहिले होते. १८४१ साली त्या बेटावरच्या एदमाँ आल्बियुस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलून पराग बोटाने दाबायची युक्ती काढली. आजही जगातली बहुतेक व्हॅनिला त्या मुलाच्या पद्धतीने हातानेच फळवतात. तो स्वतः मात्र गरिबीत मेला.

कोकोचे असे झाले नाही. १८२२ साली ब्राझीलमधून तो आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या प्रिन्सिपे बेटावर गेला. तिथून साओ तोमे आणि फर्नांदो पो. १८७९ साली तेत्ते क्वार्शी नावाच्या लोहाराने फर्नांदो पोहून कोको आणून गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, लावला. त्या देशातल्या कोकोचे श्रेय त्यालाच देतात. छोट्या शेतकऱ्यांनी ते पीक असे उचलून धरले, की १९११ पर्यंत गोल्ड कोस्ट जगात पहिला आला.

बिया गेल्या, रोपे गेली, पण मुरकुटे कोणीही डबीत भरून नेली नव्हती. मग फळे धरली कशी? तर आफ्रिकेच्या जंगलात फोर्सिपोमियाचे चुलतभाऊ आधीपासून कुजक्या पानांत राहत होते. त्यांनी हे परदेशी फूल पाहिले आणि कामाला लागले. ना करार, ना मजुरी. व्हॅनिलाला एका मुलाची बोटे लागली. कोकोला स्थानिक मुरकुटे मिळाली, आणि म्हणूनच हा प्रश्न इतकी वर्षे कोणाला पडला नाही. जे काम बिनबोभाट होत असते त्याची चौकशी कोण करतो?

माणसांच्या कामाबाबतही तेच होत होते. साओ तोमेच्या मळ्यांत अंगोलातून आणलेले मजूर कागदोपत्री करारावर होते, प्रत्यक्षात परत न जाणारे गुलाम. हेन्री नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराने तिथे जाऊन आल्यावर ते जगापुढे मांडले. कॅडबरी, फ्राय आणि राउनट्री या इंग्रज कंपन्यांनी १९०९ साली तिथला कोको घेणे बंद केले. त्याला इतका उशीर का झाला, यावरून एका वर्तमानपत्राने टीका केली. कॅडबरीने बदनामीचा दावा लावला. ज्यूरीने निकाल कंपनीच्या बाजूने दिला आणि भरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे त्या काळचे सर्वांत हलके नाणे. इतिहासाच्या तासाला निकालपत्राचा अर्थ समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मला मिळालेले नाही.

आता मुरकुटाच्या नोंदीकडे येऊ. वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदाद बेटावर १९२० च्या दशकात इंपिरियल कॉलेज ऑफ ट्रॉपिकल ॲग्रिकल्चर उभे राहिले. झाडे फुलांनी लगडतात आणि फळे मात्र मोजकीच, असे का, हा मळेवाल्यांचा जुना प्रश्न. १९३० च्या दशकात एफ. जे. पाउंड यांनी दाखवले, की पुष्कळ झाडे स्वतःचा पराग नाकारतात. मग पराग झाडावरून झाडावर नेतो कोण? संशय मुंग्यांवर होता, माव्यावर होता, फुलकिड्यांवर होता. मुंग्या आणि मावा तर फुलांवर सदैव दिसतच. पण मुंगी चालत जाते. एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्याचे काम तिचे नव्हे. अखेर १९४१ साली डी. जे. बिलेस यांनी त्रिनिदादमधले आपले निरीक्षण प्रसिद्ध केले, आणि त्यात मुख्य कामकरी ठरले फोर्सिपोमिया. पुढे ब्राझील, घाना, कोस्टा रिका अशा अनेक ठिकाणी तेच आढळले. गुन्हेगार सापडतो तशी गोष्ट ही, फक्त इथे सापडला तो उपकारकर्ता.

उपकारकर्ता सापडला म्हणजे त्याचे दिवस पालटले असे तुम्हाला वाटेल. झाले उलटेच. विसावे शतक हे बागा ‘सुधारण्याचे’ शतक. अधिक उत्पन्नासाठी सावलीची झाडे काढा, पालापाचोळा झाडा, किडीसाठी फवारा. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून घानामध्ये कोकोवरच्या ढेकणासारख्या किडीसाठी लिंडेन फवारू लागले. फवाऱ्याला शत्रू आणि मित्र यांतला फरक कुठून कळणार? आणि जमीन झाडून लख्ख केली की मुरकुटांचे पाळणाघरच गेले. बाग दिसायला नीटनेटकी, आणि फुले गळून जमिनीवर.

१९८० च्या दशकात ॲलन यंग हे अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ कोस्टा रिकातल्या कोकोच्या बागांत गेले. त्यांचा प्रयोग ऐकला की एखाद्या बागायतदाराला हसू येईल. त्यांनी केळीच्या खुंटाचे तुकडे कापून कोकोच्या झाडांखाली कुजायला टाकले. कोकोच्या फळांची रिकामी टरफलेही टाकली. त्या ओल्या चोथ्यात मुरकुटे वाढली. यंग यांनी पुढे १९९४ साली ‘द चॉकलेट ट्री’ हे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की हे झाड मूळचे दमट जंगलाच्या तळाशी राहणारे. ते उघड्या, झाडलेल्या मळ्यात आणले तर त्याचा सोबती मागेच राहतो. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधून आलेल्या अभ्यासातही हेच दिसले. झाडाखाली फळांची टरफले राहू दिली तिथे फळधारणा वाढली.

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर संशोधकांनी दुसऱ्या बाजूने तपासले. मुरकुटांचे काम माणसाने हाताने केले तर? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाताने परागीभवन केलेल्या झाडांचे उत्पन्न दुपटीपेक्षाही वर गेले. खत आणि औषध यांचा तेवढा उपयोग झाला नाही. म्हणजे त्या झाडांना उणीव होती ती मुरकुटांची. पण झाडागणिक शेकडो फुलांना चिमट्याने पराग लावत बसायचे म्हणजे मजुरी किती, आणि ती मजुरी कोण करणार? मुले? पश्चिम आफ्रिकेतल्या कोकोच्या शेतांत मुलांना राबवतात हा प्रश्न आधीच मोठा आहे. आल्बियुसची गोष्ट आपण पुन्हा सुरू करू नये असे मला मनापासून वाटते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बाग झाडून काढा म्हणणारे लोक वेडे नव्हते. कोकोच्या फळांना काळी कूज नावाचा बुरशीचा रोग होतो, आणि रोगट टरफले झाडाखाली राहिली तर पावसाच्या शिंतोड्यांनी तो वर चढतो. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात १९८९ नंतर दुसऱ्या एका बुरशीने, ‘विचेस ब्रूम’ने, मळेच्या मळे बसवले. तेव्हा काहीच काढू नका असा सल्ला देणे बेजबाबदारपणाचे होईल. रोगट फळे बाजूला करून पुरायची आणि निरोगी पाला, केळीचे खुंट मात्र सावलीत कुजू द्यायचे, असा मधला मार्ग आहे. त्यासाठी कचरा कचरा म्हणून एकसारखा न बघता त्यात निवड करावी लागते. ते झाडू मारण्यापेक्षा अवघड काम.

आपल्याकडे कोको प्रथम आला तो १७९८ साली. ईस्ट इंडिया कंपनीने तमिळ मुलुखातल्या कुत्तालम येथे तो लावला. पण खरी लागवड सुरू झाली १९६५ नंतर, कॅडबरीने केरळातल्या वायनाडमध्ये प्रात्यक्षिक-बाग काढल्यावर. नारळ-सुपारीच्या सावलीत हे झाड छान बसले. १९८० च्या सुमारास भाव कोसळले, घेणारा कोणी राहिला नाही आणि केरळातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी झाडे तोडली. मंगळूरची कॅम्पको ही सुपारीवाल्यांची सहकारी संस्था तेव्हा खरेदीत उतरली, आणि १९८६ साली तिने पुत्तूरला स्वतःचा चॉकलेटचा कारखाना काढला. आज आंध्र प्रदेश उत्पादनात पुढे आहे. आपल्या कोकणातही काही बागांत नारळाखाली कोकोची झाडे दिसतात.

आणि इथे मला आमच्या गोतावळ्यातल्या वाडीवाल्या मंडळींशी दोन शब्द बोलायचे आहेत. २०२४ साली जगात कोकोचे भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेले. पश्चिम आफ्रिकेतला पाऊस, रोग आणि म्हातारी झालेली झाडे ही त्याची कारणे. तेव्हापासून दोघा-तिघांनी ‘काका, कोको लावू का?’ असे विचारले. भावाच्या मागे धावून झाड लावू नका, १९८० ची गोष्ट वर सांगितलीच आहे. पण ज्यांनी लावले असेल त्यांनी वाडीतला पातेरा सरसकट जाळू नये. जुन्या वाड्यांतून पातेरा माडाच्या आळ्यात जाई, घड काढल्यावर केळीचा खुंट तिथेच कापून आडवा पडे आणि पावसाळाभर कुजे. कोणी त्याला शास्त्र म्हणत नव्हते. आता ब्लोअर आले, तणनाशके आली, आणि फोटोत स्वच्छ दिसणारी वाडी ही चांगली वाडी ठरू लागली. पाहुण्यांसाठी पुढचे अंगण झाडा, जरूर झाडा. मागच्या बाजूला, सावलीत, चार खुंट कुजत असले तर असू द्या. मुरकुटे होतील, एखादे पायाला चावेलही. त्यांचे बरेचसे भाऊबंद तुमच्याकडे ढुंकूनही न पाहता पहाटे फुलांकडे जातील.

इतिहासाचे पुस्तक लिहिताना जागा अपुरी असते, हे मला मान्य आहे. कोर्तेसला एक परिच्छेद दिला, की दुसऱ्या कोणाचा तरी परिच्छेद जातो. वर्गात मुले नेहमी विचारत, ‘सर, हे सगळे बांधले कोणी?’ किल्ल्याच्या बाबतीत निदान गवंडी, पाथरवट असे उत्तर देता येई, नावे नसली तरी. चॉकलेटच्या बाबतीत उत्तराची यादी बरीच लांब आहे. त्यात माया शेतकरी आहे, अंगोलाचा मजूर आहे, आक्राकडचा लोहार आहे, रेयुनियाँचा मुलगा आहे. त्या यादीच्या शेवटी मी आता एक मुरकूट लिहितो. पुढच्या वेळी नातवंडांना चॉकलेट द्याल तेव्हा त्यांनाही सांगा. ती खोटे समजून हसतील. मग त्यांना फणसाच्या झाडाशी न्या आणि खोडाला फळ कसे लागते ते दाखवा. बाकीची गोष्ट तिथून सांगायला सोपी जाते.